नको असलेली पाटीलकी

नोकरीतली पुष्कळ प्रकरणे विसरलो. हे एक मात्र विसरता येत नाही, आणि ते सुखरूप संपले याबद्दल मी देवाचा ऋणी आहे.

कल्याणच्या ठाण्यावर मी फौजदार होतो. जवळच्या एका गावचा पाटील वारला आणि तेराव्याच्या आदल्या दिवशी त्याचा एकुलता मुलगा नाहीसा झाला. खबर आली, की चुलत्याने त्याला होडीत बसवून नेले आणि एकटाच परतला. मुलगा नसला तर पाटीलकी चुलत्याचीच. गावाने खून ठरवूनही टाकला होता.

चुलत्याला कोठडीत घातले. हवालदार उतावळा. म्हणाला, "रावसाहेब, हात दाखवू द्या, पोपटासारखा बोलेल." मी त्याला गप्प बसवले आणि चुलत्याला म्हटले, "बाबा रे, फासावर जाशील."

"होडीतून नेला खरा. पुढचं नाय सांगणार." एवढेच त्याचे उत्तर.

ज्याचे माणूस हरवते तो ठाण्याचा उंबरठा झिजवतो. या मुलाची बायको एकदाही फिरकली नव्हती. म्हणून मीच गेलो. ती अंगणात भात कांडत होती.

"मुली, तुझा चुलतसासरा तोंड उघडत नाही. खुनाचा आळ आहे, फाशी होईल."

मुसळ थांबले. "फाशी? ते तर म्हणालेले, दोन दिवस विचारतील नि सोडतील." ती रडू लागली. "हे कोपरीला हायेत, मिठागरावर."

मुलगा तिथे मीठ ओढताना सापडला. "तेराव्याला बापाचं पागोटं डोक्यावर बांधलं, की सुटका नाय, रावसाहेब. साहेबाचा मुक्काम पडला की वेठीला माणसं पाटलानं धाडायची. बापानं धाडलेला आमचा शेजारी ओझ्याखाली मेला. त्याच्या पोरांकडं बघवत नाय."

"अरे वेड्या, नको असेल तर मामलेदारापुढे नको म्हण. वारसा कुणी बळेच गळ्यात बांधत नाही."

"नको म्हणता येतं?" त्याने विचारले. पागोटे बांधले की संपले, हे साऱ्या गावाने धरून ठेवलेले. नाही म्हणता येते हे कुणाला ठाऊकच नव्हते.

कचेरीत त्याने सगळ्यांसमक्ष पाटीलकी नाकारली. मग मामलेदारांनी चुलत्याला विचारले, कारण पुढचा हक्क त्याचा.

चुलत्याने हात जोडले. "मलाही नको. त्या शेजाऱ्याला मी खांदा दिलाय. म्हणूनच तर पोराला होडीतून पोचवला नि तोंड उघडलं नाय."

ज्या पाटीलकीसाठी त्याने खून केला असे आम्ही धरून चाललो होतो, ती त्याला कधी नकोच होती. माणूस कशासाठी काय करील, हे त्याला विचारल्याशिवाय ठरवू नये, एवढे मी त्या दिवशी शिकलो. ती सून खरे बोलली नसती, तर मी एका भल्या माणसाला फासापर्यंत नेले असते. तिचे उपकार माझ्यावर आहेत.