जोडवं काळं पडलं नाही

एप्रिल लागला की बाळ शिंगटे सकाळी सातला पार्कात हजर. अंगात स्वयंसेवकांचं नारिंगी जाकीट, पायात लेकाचे जुने गमबूट, हातात झाकणाची बादली आणि खुरपं. वेलिंग्टनजवळच्या लोअर हट गावाच्या कडेला, नदीला लागून हे सरकारी पार्क. वरच्या अंगाला काळंहिरवं रान, त्याला पानगळ ठाऊकच नाही. खाली मैदानात मात्र कधीकाळी गोऱ्यांनी लावलेले सोळा ओक. इकडं ऋतू उलटे. एप्रिलात थंडीची चाहूल लागली की ते पिवळे होतात, मग तांबडे, मग पानं टाकायला लागतात. माणसं फोटो काढायला येतात, पोरं ढिगात लोळतात. शेपटीचा पंखा करणारं एक चिमणीएवढं पाखरू बाळच्या मागंमागं नाचत फिरतं, कारण तो पाला उलटतो आणि खालून चिलटं उठतात.

बाळ वर बघत नाही. एकेक ओक धरायचा, बुंध्यापासून सावली पडेल तिथवर गोल फिरायचं, काठीनं पाला उलटायचा. अळंबीची छत्री दिसली की भोवतीची माती मोकळी करून बुडातल्या पांढऱ्या पिशवीसकट उपसायची आणि बादलीत टाकून झाकण लावायचं. इंग्रजीत तिला डेथ कॅप म्हणतात. तळहाताएवढी, फिकट हिरवट-पांढरी, दिसायला गुणाची. एक माणूस मारायला एक पुरते.

हे काम त्यानं मागून घेतलंय. का, ते पार्कची रेंजर मेरे हिला निम्मं ठाऊक. त्याचा लेक सागर, त्यालाही निम्मंच. उरलेलं निम्मं पोटात घालून गडी वर्षभर जगला.

बाळ मूळचा पाटण तालुक्यातला, कोयनेच्या खोऱ्यातला. एस.टी.त तीस वर्षं ड्रायव्हर. रिटायर झाला आणि सागरनं आईबापाला इकडं आणलं. लेक आणि सून दोघं सकाळच्या ट्रेननं वेलिंग्टनला जायची, ती दिवस मावळल्यावरच परत. घरात दिवसभर फ्रिज तेवढा बोलायचा. सुनीतीनं, म्हणजे बाळच्या बायकोनं, मागं मेथी पेरली, शेजारणीशी खाणाखुणांनी मैत्री केली. बाळ मात्र वठत चालला. ज्याच्या हॉर्नवर अख्खा घाट बाजूला व्हायचा, त्याला आता कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध मागायलाही चार शब्द जुळवावे लागायचे.

मग त्याला हे पार्क सापडलं. दर गुरुवारी म्हाताऱ्यांची टोळी जमायची, तण उपटायची, पाल्यानं तुंबलेल्या चाऱ्या मोकळ्या करायची. खोरं हातात आलं आणि बाळ पुन्हा माणसात आला. त्याच्या चारीतलं पाणी बघून मेरे म्हणाली, "स्वीट ॲज, बाल!" म्हणजे एकदम झकास. आणि टोळीतल्या सगळ्यांदेखत तिनं त्याला नारिंगी जाकीट दिलं. ते घालून तो मुद्दाम लांबच्या रस्त्यानं घरी गेला. सुनीती म्हणाली, "आता हे घालून झोपा म्हंजे झालं."

जाकिटाचा एकच नियम होता, आणि मेरेनं तो पहिल्याच दिवशी पाटीवर बोट ठेवून सांगितला होता. इथलं काहीही घरी न्यायचं नाही. पान नाही, काटकी नाही, छत्री तर नाहीच. नेलं की जाकीट परत. बाळला नीट समजलं होतं. मनात तो एवढंच म्हणाला, ही शहरातली माणसं, मातीतलं खायला भितात.

गेल्या एप्रिलात चार दिवस पाऊस लागून उघडला आणि तिसऱ्या ओकाखाली त्याला ती दिसली. अंड्यातून पिल्लू फुटावं तशी जमिनीतून वर आलेली. अळंबी पारखण्यात बाळचा हात धरणारा गावात कुणी नव्हता. गावाकडं वारुळावर उगवायची ती, आणि ही, त्याच्या डोळ्याला एकच. त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि सात-आठ पिशवीत भरून जाकिटाच्या आत घातली.

"अगं, बघ तर काय आणलंय."

सुनीतीनं पिशवीत नाक घातलं. "अळंबी? हितं? कुणाला इचारून आणली?"

"अळंबीला काय सातबारा लागतो व्हय?"

"वास न्हाई तसला येत."

"देश बदलला, वास बदलणारच. तुझ्या लेकाचा न्हाई बदलला?"

ती हसली. पण कांदा चिरता चिरता म्हणाली, "चांदी घालून बघा मात्र. माझी आई चांदीबिगर चुलीवर चढवायची न्हाई."

चांदी घालून शिजवायचं. अळंबी विषारी असली तर चांदी काळी पडते, असं त्यांच्याकडं सगळेच मानायचे. पण घरात चांदीचा राणीछाप रुपया कुठला?

"काढ की जोडवं."

"पायातलं? कालवणात? अक्कल गहाण ठिवली का काय तुमी?"

"चिंचेनं घासतो, उकळतो. मग तर झालं?"

जोडवं रश्श्यात रटरट शिजलं. बाळनं ते पळीनं वर काढून तिच्या डोळ्यापुढं धरलं. लख्ख होतं. "बघ! पडलं काळं?" लेक-सून त्या दिवशी बाहेरच जेवून येणार होती. दोघंच जेवली. इथं आल्यापासून एवढ्या चवीनं ती पहिल्यांदाच जेवत होती, म्हणून त्यानं तिच्या ताटात दोन पळ्या जास्तीच्या वाढल्या.

पहाटे दोघांना सुरू झालं. वरूनही आणि खालूनही. सागर दारात उभा राहिला. "आण्णा, काय खाल्लं होतंत?"

सुनीतीनं नवऱ्याकडं बघितलं. बाळला आधी जाकीट दिसलं, मग मेरेचं पाटीवरचं बोट. तो म्हणाला, "दही आंबलं हुतं जरा."

ती गप्प राहिली. लेकासमोर नवऱ्याला खोटं पाडायची तिला सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिला उतार पडला. बसून पेज प्याली. "बघा, उगं घाबरिवलंत पोराला," म्हणाली. बाळला वाटलं, सुटलो. तिसऱ्या दिवशी सकाळी तिचे डोळे हळदीसारखे होते. हॉस्पिटलात डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, तेव्हा त्यानं अळंबीचं नाव काढलं, आणि पुढं जोडलं, "आत्ताच ध्यानात आलं." सगळ्यांना ते पटलं. म्हातारा माणूस. सहाव्या दिवशी ती गेली. बाळचं लिव्हर तगलं. कुणाचं तगतं, कुणाचं नाही, असं डॉक्टर म्हणाले.

सागरनं त्याला पोटाशी धरलं. "आण्णा, तुम्हाला काय माहीत होतं? तुमची चूक नाही." जो भेटेल तो हेच म्हणायचा. मेरेलाही लेकानं हेच सांगितलं. तिनं जाकीट मागितलं नाही. बाळ काम मागायला गेला तेव्हा तिनं त्याच्या हातात बादली दिली. नर्सनं पाकिटात घालून दिलेली जोडवी घरी देवापाशी होती. त्यातलं एक बाळनं काढून जाकिटाच्या खिशात ठेवलं.

या रविवारी तो सहाव्या ओकाखाली होता. तिसऱ्याखाली एक तिशीतली बाई वाकलेली दिसली. हातात कापडी पिशवी, गळ्यात मंगळसूत्र. बाळ जमेल तसा पळाला.

"खाली टाका ते! बाई, टाका!"

ती दचकली, मग मराठी ऐकून हसली. "अय्या, काका, तुम्ही आपल्याकडचे? मी नीलांबरी. सॉरी हं, पाटी बघितली मी, पण दोन-चारच घेतेय."

"विष हाय ते. माणूस मरतं."

"नाही हो काका, मला कळतात. माझी आजी भोरची. शिजवताना देवातलं चांदीचं नाणं टाकायचं, काळं पडलं नाही तर खायचं. गुरुवारी केली होती ना, नाणं मस्त चकचकीत! मला संकष्टी होती, पण रमणनं हीप्स खाल्ली, अगदी भरपूर. म्हणून परत आले."

"रमण कोण?"

"माझा नवरा. तो काय, कारमध्ये बसलाय. शुक्रवारी फार बेजार होता बिचारा, उलट्या, जुलाब. गुरुवारीच दुपारी ऑफिसच्या पार्टीत सुशी खाल्ली होती. आता बरा आहे, म्हणून हवा खायला आणलं."

"कवापास्नं बरा?"

"काल रात्रीपासून. का हो?"

"आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात न्या त्याला."

नीलांबरी मागं सरकली. "काका, तो बरा आहे म्हणतेय ना मी. तुम्ही उगाच घाबरवताय."

"बरं वाटतं मधी. ते बरं नसतं." बाळ पुढं सरकला. "माझ्या बायकूलाबी बरं वाटलं हुतं. पेज प्याली ती."

"पण सुशी—"

आता निम्म्यानं भागणार नव्हतं. बाळनं खिशातनं जोडवं काढून तिच्या हातावर ठेवलं.

"बघ हे. हे मी कालवणात शिजवलं. हितलीच अळंबी, ह्याच झाडाखालची. लख्ख निघालं, अजून लख्ख हाय. तुझ्या सुशीगत माझ्याकडं दही हुतं. लेकानं इचारलं, काय खाल्लं, तर मी दही सांगितलं. ठाऊक हुतं मला. चोरून नेलेली, जाकीट जाईल म्हणून गप बसलो. दोन दिवस घालवलं मी तिचं. चूक न्हवती ती बाई, मी खोटं बोललो. आता चल."

तिनं जोडवं त्याच्या हातात परत ठेवलं. मग पिशवी तिथंच टाकून पळाली. बाळनं पिशवी उचलून बादलीत घातली आणि बादली घेऊनच गाडीत मागं बसला. पुढं बसलेला रमण म्हणाला, "हॅलो काका. काय झालं? मला भूक लागलीय खरं तर." नीलांबरीनं गाडी सुरू केली.

बादलीतली छत्री बघितल्यावर हॉस्पिटलात धावपळ झाली. रक्त घेतलं, नळ्या लावल्या. दुपारी डॉक्टरीणबाईनं सांगितलं की लिव्हर खराब व्हायला लागलंय, संध्याकाळच्या विमानानं ऑकलंडला हलवावं लागेल, पुढचं आत्ता सांगता येत नाही. नीलांबरी बाळच्या शेजारी येऊन बसली. गेल्या साली तो याच भिंतीशी बसला होता.

"काका, मी वाढलं त्याला. आग्रह करून."

बाळला ठाऊक होतं, इथं काय म्हणायची रीत आहे. वर्षभर ते ऐकून त्याचे कान किटले होते. तो म्हणाला, "व्हय. वाढलंस."

सागर त्याला न्यायला आला, तेव्हा नीलांबरी उठून उभी राहिली. "तुमच्या बाबांमुळे आणलं मी त्याला. त्यांनी दह्याचं सांगितलं नसतं ना, तर मी अजून सुशीच धरून बसले असते."

"दह्याचं काय?" सागरनं विचारलं.

तिनं बाळकडं बघितलं. मग सांगून टाकलं.

गाडी हॉस्पिटलच्या आवाराबाहेर पडली. दोन सिग्नल गेले.

"आण्णा, तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय."

"मी दारात उभा राहून विचारलं तेव्हा?"

"व्हय."

"आईलाही माहीत होतं?"

"तिलाबी. तिनं माझी पत राखली."

सागरनं गाडी कडेला घेतली, स्टिअरिंगवर हात ठेवून बसला. त्याला रडू येईल असं बाळला वाटलं. आलं नाही. "एका जाकिटासाठी," एवढंच तो म्हणाला आणि गाडी चालू केली.

रोज स्टेशनला जाता जाता सागर बापाला पार्कापाशी सोडायचा. सोमवारी तो निघून गेलेला होता. बाळ पाऊण तास चालत गेला. मेरेपुढं उभा राहून आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्यानं सगळं सांगितलं, जाकिटातून कसं नेलं तेही. खिशातलं जोडवं काढून घेऊन जाकीट टेबलावर ठेवलं. मेरेनं ते घडी करून कपाटात ठेवलं. नियम तो नियम. मग तिनं बादलीकडं बघितलं, पण ती त्याच्याकडंच राहू दिली.

त्यानंतर तो स्वेटरवरच जायचा. थंडी वाढली होती. ओक उघडे पडत चालले होते. पाखरू येत होतं.

नवव्या दिवशी सकाळी सागर चहा घेता घेता फोन बघत होता. नऊ दिवसांत तो बापाशी एक शब्द बोलला नव्हता.

"तो माणूस वाचला," फोनमधून मान वर न करता तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाचं तरी लिव्हर बसवलं. पण वाचला."

बाळ कप धरून उभा राहिला, पुढं काही येतंय का म्हणून. सागरनं कप विसळला, बॅग उचलली आणि दार ओढून घेतलं. ट्रेनची वेळ झाली होती.

बाळनं गमबूट चढवले.