नावावर अकरा

आमच्याकडे स्थळ बघताना पहिला प्रश्न ठरलेला: पोराच्या नावावर काय आहे? म्हणजे जमीन किती. पोरगा कसा आहे हे नंतर, वेळ उरला तर.

माझ्या नावावर नावं होती. हसू नका, खरंच. वेबसाइटचं नाव, ज्याला डोमेन म्हणतात, ते आधी घेऊन ठेवायचं आणि कुणाला गरज पडली की चढ्या भावानं विकायचं, हा धंदा मी शिरूरकडची कंपनी सुटल्यावर मोबाइलवर बघून शिकलो. गावांची, कांद्याची, गुळाची अशी अकरा नावं घेतली. इनामगावच्या 'गाव'चं इंग्रजी स्पेलिंग कसं करायचं, यावरच दोन दिवस घालवले. एकही नाव विकलं गेलं नाही. सोडून द्यावं, तर उद्याच कुणी मागितलं तर? म्हणून दर वर्षी मुदत वाढवायची. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

त्या मुदतवाढीच्या पैशांसाठी मी थोडेफार पैसे देणारे ऑनलाइन सर्व्हे भरायचो. वीस प्रश्न झाले की पडद्यावर यायचं, क्षमस्व, तुम्ही पात्र नाही. शेतकऱ्याच्या पोराचं मत कुणालाच नको होतं. मग मी शहाणा झालो. घरात भांडी धुण्याचं मशीन आहे? आहे. परदेश प्रवास? दोनदा. जे उत्तर दिल्यावर पुढचं पान उघडतं तेच द्यायचं, ही सवय लागली.

अशातच दौंडला मुलगी बघायला गेलो. पोहे आले आणि मुलीच्या काकांनी विचारलं, "पोराच्या नावावर काय हाय?"

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला फोनवर 'माझ्या नावावर अकरा आहेत' म्हणताना कधीतरी ऐकलं होतं. अकरा काय, हे त्यांना नीट ठाऊक नव्हतं. अभिमान मात्र होता. म्हणाले, "माझं दोन एकर हाय. पोराच्या नावावर अकरा. सोताच्या जिवावर घेतल्यात."

खोलीत एकदम माया पसरली. काकूंनी माझ्या बशीत आणखी पोहे वाढले. मी तोंड उघडलं आणि त्यात पोहे घातले. आबा इतके खूश दिसत होते, की चारचौघांत त्यांना खोटं पाडायची माझी हिंमत झाली नाही.

मग रिवाजाप्रमाणे आम्हा दोघांना बोलायला गच्चीवर पाठवलं. ती नर्सिंग शिकलेली, बोलायला सरळ. म्हणाली, "खालचं जाऊ द्या. मला खरं सांगा, अकरा एकर हाय का?"

इथं आबा नव्हते, काका नव्हते. आणि ती मला फार आवडली होती.

"हो," मी म्हणालो. "बागायत."

बागायत की जिरायत, हे तिनं विचारलंही नव्हतं.

पुढचे आठ दिवस पिंजऱ्यातल्या उंदरासारखे काढले. रोज सकाळी ठरवायचो, आज फोन करून सांगू. रोज तिकडूनच कुणाचा तरी फोन यायचा, जेवलात का म्हणून, आणि मी जेवलो म्हणायचो.

रविवारी ते कवठे येमाईला आमचं घर बघायला आले. चहा झाल्यावर काका उठले. "चला, रान बघू." दोन एकर कांदा बघायला वेळ तो किती लागणार?

"आन् पोराचं कुठंय?"

आबा माझ्याकडं वळले. "सांग की रं, कुठं हाय."

पळायला बांध सोडून दुसरी वाट नव्हती. मी मोबाइल काढला आणि यादी दाखवली, हे काय असतं तेही सांगितलं. काकांनी अकराच्या अकरा नावं वाचली आणि मोबाइल परत दिला. भांडले असते तर बरं झालं असतं. "येतो आम्ही," एवढंच म्हणाले. गाडी गेल्यावर आबा म्हणाले, "मला वाटलं, तू कायतरी घेतलंयस." मला त्यांचा राग आला, आणि स्वतःची लाज वाटली.

संध्याकाळी तिचा फोन आला.

"तुमच्या आबांचा घोटाळा झाला, आमच्या काकांचाबी झाला," ती म्हणाली. "त्यांचं सोडा. मी तर तुम्हाला एकट्याला विचारलं होतं ना?"

तिच्या मागून कुणीतरी तिला जेवायला बोलावत होतं, तरी ती थांबली होती. शेवटी फोन तिनंच ठेवला.