केळीत गेलेले बाण

ज्या सकाळी माझ्या वीस विद्यार्थ्यांचे साठच्या साठ बाण समोरचं लक्ष्य सोडून शेजारच्या केळीच्या बागेत जाऊन बसले, त्या सकाळी मला पहिल्यांदा शंका आली, की प्रभूला आपली तिरंदाजी मंजूर नसावी. वाऱ्याला दोष द्यावा, तर नशिराबादच्या त्या मे महिन्यात वारा औषधालाही नव्हता. बाणांना द्यावा, तर ते नवेकोरे होते. उरलो मी. आणि स्वतःला दोष द्यायची मला सवय नाही.

आमची ख्रिस्ती मंडळी धुळ्याची, देवपुरातली. तरुण संघाच्या उन्हाळी शिबिराला यंदा नशिराबादजवळ, एका अक्कांच्या केळीला लागून असलेली मोकळी जागा मिळाली होती. मुलं मोबाइल विसरतील असं काही शिकवता येईल का, असं पाळकसाहेबांनी बैठकीत विचारलं. मला कोणी विचारलं नव्हतं, तरी मी सांगून टाकलं, की तरुणपणी पारोळ्याच्या किल्ल्यावर उभं राहून मी बाणाने उडता पतंग पाडला होता, तोही दोरा न तोडता. टांगलेलं लिंबू तर तीस पावलांवरून सहज. खरं म्हणजे तोवर मी धनुष्य फक्त गणपतीच्या देखाव्यात पाहिलं होतं. पाळकसाहेब शांतपणे म्हणाले, "मग तिरंदाजी तुमच्याकडे. समारोपाला आईवडिलांसमोर ते लिंबूही होऊन जाऊ द्या."

मी मोबाइलवर व्हिडिओ पाहून शिकलो. पहिल्याच बाणाला सुटलेल्या दोरीने माझ्या डाव्या हाताची सालं काढली. बायकोला सांगितलं, स्कूटरवरून पडलो. ती म्हणाली, "स्कूटर चार दिवस झाले गॅरेजात आहे." अशा तयारीनिशी मी गुरू झालो. आडवं उभं राहा, पाय खांद्याइतके फाकवा, तीन बोटांनी दोरी हनुवटीपर्यंत ओढा, उजवा डोळा मिटा, नेम धरा आणि बोटं सैल सोडा. शिट्टीशिवाय कोणी रेषेपुढे जायचं नाही. यातलं शिट्टीचं तेवढं मी अगदी बिनचूक शिकवलं.

तीन दिवस एकही बाण लागला नाही. समारोपाच्या आदल्या सकाळी रूथ नावाची बारा वर्षांची मुलगी माझ्याजवळ आली. सगळ्यांत गरीब स्वभावाची, सगळ्यांत जास्त सराव करणारी. तिचे वडील दुसऱ्या दिवशी खास रजा काढून तिचा नेम पाहायला येणार होते. ती हळूच म्हणाली, "काका, देवाने मला नेम दिलाच नाही वाटतं. उद्या मी नुसती पाणी वाटते."

माझी थाप त्या पोरीच्या खांद्यावर जाऊन बसली होती, हे मला तेव्हा दिसलं. मी कडुनिंबाखाली गेलो आणि गुडघे टेकले. म्हणालो, "प्रभू, लिंबाचं मी बघतो. या पोरीचा एक बाण तेवढा लाव."

देवदूत शुभ्र वस्त्रांत येतो असं ऐकलं होतं. माझ्याकडे तो नऊवारीत आला, काखेत बाणांची मोळी घेऊन. बागेच्या मालकीण अक्का होत्या. माहेर पारोळ्याकडचं, बोली तिकडचीच, अहिराणी, आणि माहेरी बाजरीवरची पाखरं गोफणीने हाकलण्यात त्यांचं लहानपण गेलेलं. केळीच्या चिकाने काळे पडलेले बाण त्यांनी माझ्यापुढे टाकले.

"ह्या काड्या तुन्याच शेतस का रे भाऊ? मना केळना खांब काय रावण शे?"

मी जमिनीच्या उताराबद्दल बोलायला लागलो. त्यांनी हात वर केला.

"तीन दिवसपाईन देखी रायनू. बठ्ठा पोरे एकच बाजूले मारतस. मंग चूक पोरेस्नी नही, शिकाडनारानी शे. उजवा हातघाई ओढस, आनि देखस डावा डोयाघाई?"

उजव्या हाताने दोरी ओढून डाव्या डोळ्याने नेम, हे मीच शिकवलं होतं. व्हिडिओतला माणूस माझ्याकडे तोंड करून उभा होता. त्याने मिटला होता डावा डोळा, पण तो दिसत होता माझ्या उजव्या हाताला. मी उजवा मिटला आणि वीस लेकरांना मिटायला लावला.

मुलांकडे जाईपर्यंतची ती वीस पावलं मला धुळे ते जळगाव चालत गेल्यासारखी वाटली. मी म्हणालो, "चूक तुमची नाही. मीच चुकीचा डोळा मिटायला शिकवला." एक पोरगा म्हणाला, "काका, तरीच." रूथने धनुष्य उचललं आणि डावा डोळा मिटला. तिचा बाण लक्ष्याच्या अगदी काठाला, पण लागला. बाण उपटून आणायलाही ती शिट्टीची वाट पाहत उभी राहिली.

समारोपाला तिचा बाण लाल पट्ट्यात बसला. तिचे वडील टाळ्या वाजवायचे विसरले, नुसते बघत राहिले. मग टांगलेल्या लिंबापुढे माझा नंबर लागला. मी धनुष्य खाली ठेवलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, की लिंबूही खोटं आणि पतंगही.

पाळकसाहेब म्हणाले, "दोरा न तोडता पतंग पाडला म्हणालात, तेव्हाच कळलं होतं. सगळ्या मंडळीला."

"मग मला का दिलंत?"

"भर उन्हात पोरांपाशी रोज उभं राहायला दुसरं कोणी तयार नव्हतं. तुम्ही पळणार नाही, एवढी खात्री होती."

कृपा म्हणजे आपण काहीतरी करून दाखवल्यावर मिळणारी शाबासकी, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. इथे तर माझी सगळी थाप आधीपासून ठाऊक होती, आणि ठाऊक असूनही वीस लेकरं माझ्या हाती दिली होती. प्रभूचंही माझ्याशी असंच चाललेलं असणार. त्याला प्रभावित करायचा उद्योग मी त्या दिवशी सोडला, आणि खांदे केवढे हलके झाले म्हणून सांगू. ते लिंबू अक्कांनी काढून सरबताच्या पातेल्यात पिळलं.

मंडळीसाठी मी ही साक्ष लिहिताना बायको शेजारी बसून वाचते आहे; शिबिरात स्वयंपाकाला तीही होती. साठ बाणांपाशी ती थांबली आणि म्हणाली, "बाण तर बाराच होते, आळीपाळीने मारत होती पोरं." बारा तर बारा. त्यातला जो लाल पट्ट्यात बसला, तो मी मारलेला नव्हता. प्रभूचे आभार.