नंबर थोरल्या दिराचा

भाची परभणीला येते ती दवाखान्यासाठी नाहीतर लग्नाच्या खरेदीसाठी. त्या दुपारी दोन्हींपैकी काहीच नव्हतं. पाण्याचा तांब्या हातात घेऊन ती उभीच राहिली आणि म्हणाली, "मामा, आपला रिपोर्ट बाहेरचा माणूस बघू शकतो का?"

तिचं सासर वालूरकडच्या एका गावात आहे. नवरा-बायको दोघं दर हंगामात ऊसतोडीला जातात. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही. आदल्या उन्हाळ्यात दोघांनी परभणीत तपासणी करून घेतली. लॅब एका मोठ्या कंपनीची, गावोगावी शाखा असलेली. दोष नवऱ्यात निघाला. घरी सांगताना भाचीनं तो स्वतःवर घेतला. तिला तसं कुणी सांगितलं नव्हतं. सासूचे टोमणे तेव्हापासून तिच्या वाट्याला आले आणि तिनं ते ऐकून घेतले. खरी गोष्ट ती, तिचा नवरा, डॉक्टर आणि मी एवढ्यांनाच माहीत होती.

आता ती आणखी कुणाला तरी कळली होती. चार दिवसांपूर्वी एक फोन आला होता. बोलणाऱ्यानं नुसतं आडनाव घेतलं, पण लॅब आणि तपासणीचा प्रकार बिनचूक सांगितला आणि औषधाचा कोर्स घेता का, असं विचारलं. फोन मात्र नवऱ्याच्या मोबाइलवर आला नव्हता. तो आला थोरल्या दिराच्या मोबाइलवर. स्पीकर चालू होता, म्हणून दाराआडून भाचीला ऐकू आला.

याचं कारण साधं आहे. तोडीला गेलेल्यांचे नंबर टिकत नाहीत. रिचार्ज संपतो, सिम बंद पडतं, मोबाइल उसाच्या फडात हरवतो. म्हणून रेशन असो, बँक असो की दवाखाना, गावात मागं राहणाऱ्या माणसाचा नंबर देण्याची तिकडं पद्धत आहे. या घरात मागं राहतो थोरला भाऊ. त्याच्याकडं शेळ्या आहेत, म्हातारी आई आहे आणि कायम चालू असणारा मोबाइल आहे. लॅबच्या खिडकीवर नंबर विचारला तेव्हा भाचीच्या नवऱ्यानं भावाचा नंबर पाठ म्हणून दाखवला. त्याला स्वतःचा पाठ नव्हता.

"मग दिरानं काय सांगितलं त्याला?"

"त्यांना वाटलं, त्यांनाच इचारायलाय. वट्यावर बसून वरडले, आरं, मला तीन लेकरं हायती, तुला रं किती? सगळी गल्ली हसली." ती हसली नाही. "पुन्यांदा आला आन् त्यानं नाव नीट घेतलं, तर?"

कंपनीच्या संकेतस्थळावर एक निवेदन होतं. काही ग्राहकांची माहिती अनधिकृतपणे पाहिली गेली असण्याची शक्यता नाकारता येत नाही, असं त्यात लिहिलं होतं. बाधितांना नोंदणीकृत मोबाइलवर कळवण्यात येईल, असंही होतं. वर्तमानपत्रात बातम्या तपासण्यातच माझी सगळी नोकरी सरली. अशी वाक्यं मी पुष्कळ छापली आहेत. त्या दुपारी शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं. नोंदणीकृत मोबाइल म्हणजे वट्यावरचा मोबाइल. फोन करणारा चुकला तरी कंपनी चुकणार नव्हती. ती नावानिशी कळवणार होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही कोर्टाजवळ एका परिचित वकिलांकडे गेलो. त्यांनी चार वाटा सांगितल्या. फोन करणाऱ्याविरुद्ध सायबर पोलिसांत तक्रार. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी अर्ज: काय फुटलं ते सांगा, नंबर दुरुस्त करा, माहिती काढून टाका. सेवेत कसूर झाली म्हणून इथंच जिल्हा ग्राहक आयोगात भरपाईचा दावा. चौथी वाट नव्या डेटा कायद्याची, त्या कायद्याखालच्या बोर्डापुढं जाण्याची. त्याची कलमं टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत, तेव्हा आज त्यावर विसंबू नका, असं ते म्हणाले. "आणि बोर्डानं दंड केला तरी तो सरकारजमा होतो. तुमच्या हाती काही येत नाही."

भाचीनं भरपाईचं विचारलंच नाही. "कागद कुठं येईल?" असं तिनं विचारलं.

"तक्रारीवर जो पत्ता असेल तिथं. माझा घालू."

"आन् तक्रारीत रिपोर्टाचं लिहावं लागंल?"

"काय फुटलं ते लिहिल्याशिवाय तक्रार कसली, बाई? शिवाय रिपोर्ट तुमचा नाही. तुमच्या यजमानांचा आहे. सही त्यांची लागेल."

तो फोन खरा कुणासाठी होता, ते नवऱ्याला तिनं सांगितलंच नव्हतं. गल्लीबरोबर तोही हसला होता.

नुसता नंबर तरी तिथल्या तिथं बदलावा म्हणून वकिलांच्या टेबलावरच माझ्या मोबाइलवर कंपनीचं ॲप उघडलं. नंबर बदलण्यासाठी जुन्या नंबरवर ओटीपी जाणार होता. मी बटण दाबण्याआधी भाचीनं माझा हात धरला.

घरी असती तरी तिला तो आकडा विचारता आला नसता. त्या घरात धाकटी सून थोरल्या दिराशी थेट बोलत नाही. डोक्यावर पदर घेते, निरोप सासूमार्फत देते. तिच्यासाठी दवाखान्याचा फोन आला तर तो मोबाइल वट्यावर ठेवून आईला हाक मारतो आणि लांब जाऊन उभा राहतो. मोबाइलला हात लावणं तर दूरच.

आम्ही सेलूमार्गे गावाला गेलो. बसमध्ये कुणाचाही मोबाइल वाजला की ती मान वळवून बघत होती.

तिचा नवरा गावाबाहेर विहिरीच्या कामावर होता. तिथंच कडुनिंबाखाली बसून मी त्याला सगळं सांगितलं. आधी तो भाचीवर चिडला. "पाच-सहा दिस झाले, आन् मला आत्ता सांगायलीस?" मग हाताला लागलेला मुरूम झटकत राहिला. मी वाटा सांगितल्या तेव्हा त्यानं प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारला: तिथं कोण वाचणार? पोलीस वाचणार. कंपनीचा साहेब वाचणार. आयोगात दोन्हीकडचे वकील वाचणार.

"आन् बोर्डाचा दंड सरकारला?"

"हो."

"म्हंजे आब्रू माझी, दंड सरकारला." तो थोडा हसला. "ऱ्हाऊ द्या मामा. निस्ता नंबर तेवढा काढा. दाद्याला कळायच्या आत."

मी ओटीपीचं सांगितलं. तो आकडा दाद्याच्याच मोबाइलवर येणार होता, आणि मेसेजमध्ये लॅबचं नाव असणार होतं. भाची म्हणाली, रेशनचा हाय म्हणून सांगा. तो म्हणाला, दाद्याला वाचता येतंय. कंपनीचं कळवणं त्याच्याही आधी येऊ शकत होतं. काम तसंच टाकून तो उठला.

थोरला वट्यावर शेळीच्या पायाला हळद लावत होता. म्हातारी दारात ज्वारी निवडत होती. मला बघून थोरल्यानं पदरवाल्या भाचीकडं न बघता विचारलं, "पाव्हणं, आज इकडं कसं काय? बातमी न्यायला आलाव का?" मी काही बोलायच्या आत धाकटा त्याच्या शेजारी जाऊन बसला.

"दाद्या, तुझ्या मोबाइलवर एक नंबर येईल. तेवढा सांग."

"कशाचा?"

मी बटण दाबलं होतं. दोघांमध्ये ठेवलेला मोबाइल वाजला. थोरल्यानं हात धोतराला पुसले, मोबाइल लांब धरला आणि मेसेज वाचायला लागला. ओठ हलत होते. लॅबचं नाव त्यानं मोठ्यानं वाचलं.

"हे तर त्याच दवाखान्याचं हाय. त्या औषधवाल्याच्या."

"हौ," धाकटा म्हणाला. "ते औषध मला इचारीत होता. तुला न्हाई. तपासणी माझी हाय. खोट माझ्यात हाय, हिच्यात न्हाई."

म्हातारीचं सूप थांबलं. भाची भिंतीला टेकली. थोरल्यानं मोबाइलवरून नजर काढली नाही. त्यानं एकेक आकडा सावकाश सांगितला. मी तो भरला, पण मुदत संपल्याचं ॲपनं दाखवलं.

"आता?" थोरल्यानं विचारलं.

"परत येईल."

"येऊ द्या की मंग." दुसऱ्या खेपेला त्यानं आकडे भराभर सांगितले. विनंती नोंदवली गेली. जुन्या नंबरच्या जागी माझा नंबर आला.

म्हातारी भाचीला म्हणाली, "आन् मी तुला इतकं बोलत ऱ्हाईले, तवा तोंड शिवलं व्हतं का?" त्या आवाजात राग होता. कुणावरचा, ते मला ठरवता आलं नाही. भाची आत गेली.

नंबर बदलला, पण फुटलेली माहिती जुन्याच नंबरसकट बाहेर गेली होती. ते मी सांगितलं. फोन येत राहतील, आजही येतील. थोरला म्हणाला, "येऊ द्या. मी नंबर टिपून ठेवीन त्यांचे. वकिलाला लागतील का?"

लागतील, मी म्हणालो.

धाकटा अजून वट्यावरच बसला होता. त्यानं विचारलं, "मामा, ते आयोगाचं किती दिस चालंल?"

"सांगता येत नाही. कंपनी तारखा मागेल."

"आन् तिथं नाव पुकारतेत?"

"पुकारतात."

त्यानं आत बघितलं. आत भांड्यांचा आवाज होत होता. भाची बाहेर आली नाही. "आता कुणापासून लपवायचंय," तो म्हणाला, पण ते त्यानं विचारल्यासारखं म्हटलं. मग हात धुऊन आला आणि वकिलांनी दिलेल्या कोऱ्या वकालतनाम्यावर, मी दाखवली तिथं, त्यानं सही केली. सही दोनच अक्षरांची होती. ती करून तो शाई वाळेपर्यंत कागद हातात धरून बसला.