सातातलं एक फूल

हे सुषमाला अजून माहीत नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही काही आमच्या घरी येणार नाही.

आमचे बाबा अंगठेबहाद्दर. गिरणी बंद पडल्यावर भोईवाड्यात कोर्टाबाहेर केळी विकायचे, आई चार घरची भांडी घासायची. म्युनिसिपालिटीची नोटीस आली की बाबा ती हातात धरून चाळभर फिरायचे — कुणीतरी वाचून दाखवा. मला लाज वाटायची. घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट झालो तो अर्धा त्या लाजेपायी. त्याचा माज होता मला — होय, माजच.

सुषमा माझी बायको. प्रभादेवीची, बारावी शिकलेली, रशियातून पाइप मागवणाऱ्या एका कंपनीत क्लार्क. रशियन पत्रं यायची म्हणून क्लास लावून ती भाषाच शिकली. वोल्झस्की गावच्या पाइप कारखान्यातल्या गालिनाबाईंशी तिच्या कामाच्या मेल सुरू झाल्या, मग घरच्या. बाई रिटायर झाल्या आणि आम्हा दोघांना त्यांनी बोलावलंच. लोक रशियात मॉस्को बघतात. आम्ही गेलो दक्षिणेतलं धुराड्यांचं गाव बघायला.

तिथे ट्राममध्ये, दुकानात सुषमा घडाघडा बोलायची. लोक तिच्याशी हसायचे, माझ्याकडे बघायचेही नाहीत. मला एक पाटी वाचता येईना. पुरुषांची मुतारी कुठली, तेही तिला विचारायचं! "ग्रॅज्युएटसाहेब, वाचा की पाटी," ती थट्टेत म्हणाली. मीही हसलो. पण आत — आत बाबा नोटीस घेऊन उभे होते. बायकोचा हेवा वाटतो का कुणाला? मला वाटला. जळत होतो मी.

गालिनाबाईंकडे जाताना तिनं सात ट्यूलिप घेतली. "इथे सम फुलं मयताला देतात. जित्या माणसाला विषमच. आपण आहेराच्या पाकिटात वर एक रुपया घालतो ना, तसंच बघ." बाईंचे यजमान अंथरुणाला खिळलेत, हेही तिनंच सांगितलेलं. म्हणजे मला सगळं माहीत होतं.

ती केक घ्यायला बेकरीत शिरली. फुलं माझ्या हातात होती. त्यातलं एक उपसून मी कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

का? एकदा तरी तिचं चुकावं म्हणून. बस.

दारात बाईंनी फुलं घेतली, नजरेनंच मोजली. चेहरा उतरला. आतून खोकल्याची उबळ ऐकू आली. त्यांनी एक फूल काढून वेगळ्या ग्लासात ठेवलं. सुषमा पांढरीफटक. "मी मोजलेली रे... सातच होती ना?"

"मला काय माहीत? तुझं डिपार्टमेंट ते."

मग दुपारभर ती अडखळत राहिली. बाई तिचा हात थोपटत काहीतरी सांगत होत्या — काय, ते मला कुठलं कळायला? मी केक खाल्ला.

आम्ही परत आलो आणि थोड्याच दिवसांत मेल आली, बाईंचे यजमान गेले. सुषमा उत्तर लिहायला बसायची आणि उठायची. तेव्हा तरी मला तोंड उघडता आलं असतं — नाही उघडलं. उत्तर गेलंच नाही. तिनं ऑफिसात दुसरं टेबल मागून घेतलं. रशियनची पुस्तकं माळ्यावर टाकली. वर चढवायला मीच स्टूल धरलं.

आता आमच्या घरात सगळ्यात शिकलेला पुन्हा मीच आहे.