बापाला उठवलं ते शोरूम

"काका, उठा तिथून. सोफा खराब होईल."

सेल्समन हे हळू आवाजात बोलला. शिवी दिली नाही, ढकललं नाही. हसतच बोलला. आणि माझे आबा लगेच उठले. खांद्यावरची घोंगडी सावरली, भिंतीपाशी गेले आणि फरशीवर बसले. आपलीच काहीतरी चूक झाली, अशा चेहऱ्यानं.

मी चार पावलांवर उभी होते. हातात गाडीचं माहितीपत्रक. क्लचबद्दल विचारत होते. मी ऐकलं. नीट ऐकलं. आणि पुढचा प्रश्न विचारला.

हे आधी सांगते, कारण नंतरचं ऐकून लोक मला धीट म्हणतात. त्या दिवशी मी धीट नव्हते. मला गाडी पाहिजे होती.

आम्ही मेंढपाळ. धर्मापुरीच्या पलीकडं माळावर आमची वस्ती आहे. आमच्या घरात पहिली नोकरी मला लागली. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात मी पशुधन पर्यवेक्षक आहे. गावोगाव फिरून लसी टोचते, अडलेल्या गाई सोडवते. नवरा एसटीत कंडक्टर. मागच्या उन्हाळ्यात माय ओट्यावरून पडली आणि तिचा खुबा मोडला. टेम्पोत गादी टाकून तिला अंबाजोगाईला नेलं. वस्तीपासून डांबरी रस्त्यापर्यंत नुसते दगड. प्रत्येक दगडाला माय ओरडायची. मग ओरडायचीही थांबली, नुसते डोळे मिटून पडली. तिचा हात धरून बसले होते तेव्हाच ठरवलं. गाडी घ्यायची. उंच, दणकट, सात जणांची. दगडावरून जाईल अशी आणि ऐन वेळेला दगा देणार नाही अशी.

सिरसाळ्याचे युसूफभाई आमच्या दवाखान्याची जीप दुरुस्त करतात. मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "ताई, ते स्क्रीन-बिक्रीन नक्को देखो. सगळी माणसं बसवून चढावर चलाके देखो. और जिसका सामान हितं सिरसाळ्यात मिलता, वहीच गाडी लो." मी वहीत लिहून घेतलं. दोन महिने वाचलं, ज्यांच्याकडं गाड्या आहेत त्यांना विचारलं. शोरूममध्ये गेले तेव्हा मला कुठली गाडी पाहिजे ते पक्कं माहीत होतं.

सेल्समन म्हणाला, "मॅडम, एकदा साहेबांना घेऊन या ना. गाडीचा निर्णय तेच घेतील."

"निर्णय मीच घेणार," मी म्हणाले. "मला चढावर चालवून बघायचीय. घरच्यांना बसवून."

त्यानं आबांच्या पायांकडं पाहिलं. पायात जाड टायरच्या वहाणा, त्यावर माळाची माती. "काकांना राहू द्या. आतलं कार्पेट नवीन आहे."

आबा फरशीवरूनच म्हणाले, "तू ये जाऊन बाय. मी हाय हितंच."

मी गेले. गाडी चालवली, परत आले, बुक केली. एकाच दुपारी दोनदा माझ्या बापाला माणसातून काढलं आणि दोन्ही वेळा मी गप्प होते.

श्रावण सरला, भादवा गेला. मग शोरूममधून कागद आला. तुमची गाडी आली आहे, दसऱ्याला घेऊन जा. कागदावर चेसी नंबर होता. प्रत्येक गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला असतो तो. मी कागदाचा फोटो काढून फोनमध्ये ठेवला. युसूफभाईंनीच सांगितलं होतं, नंबर जुळल्याबिगर चावी घेऊ नका.

दसऱ्याला रिक्षा करून आबा, माय आणि मी असे तिघं गेलो. नवऱ्याची ड्युटी होती. माय काठी टेकत टेकत पहिल्यांदा एवढी लांब आली होती. मांडीवर ताट, त्यात हळदकुंकू, नारळ, झेंडूचा हार.

शोरूमच्या दारात एक पांढरी गाडी सजवून उभी होती. पेढे वाटणं चाललं होतं. गाडीला टेकून आमच्या गावच्या मालकांचा मुलगा उभा होता. भैयासाहेब. मालक म्हणजे गावातले सगळ्यात मोठे शेतकरी आणि सगळ्या निवडणुकांमागचे हात. दिवाळीनंतर आमची मेंढरं त्यांच्याच रानात बसतात. रानाला खत मिळतं, आम्हाला धान्य. आबांच्या बापापासून हे असंच चालू आहे.

मी त्या गाडीजवळ गेले. वाकून नंबर वाचला. फोनमधला पाहिला. पुन्हा वाचला.

ती आमची गाडी होती.

भैयासाहेबांनी माझ्याकडं पाहिलं, नाही पाहिल्यासारखं केलं आणि गाडी घेऊन गेले.

मॅनेजर आतून आला. "ताई, थोडी अदलाबदल झालीय. त्यांचा मुहूर्त होता. तुमची मागं उभी आहे. सेम मॉडेल, सेम कलर."

मागं जाऊन मी पाहिली. मीटरवर चारशेच्या वर किलोमीटर. डाव्या दाराचं रबर ओढलं, आतला रंग बाहेरच्या रंगाशी जुळत नव्हता. बिजागरीच्या बोल्टांवर पान्याचे ओरखडे. दार काढून परत बसवलं होतं. गाडी कुठंतरी ठोकलेली, रंगवलेली आणि आमच्यासाठी धुऊन ठेवलेली.

मी परत येऊन मॅनेजरला एकेक गोष्ट सांगितली. त्यानं मध्येच हात वर करून थांबवलं. तो हसला आणि सेल्समनकडं बघून म्हणाला, "मेंढरं न्यायला नवी काय अन् जुनी काय."

सेल्समन हसला. काउंटरवरची बाई खाली बघून हसली.

आणि आबाही हसले.

तेच कसनुसं हसू. मालकाच्या दारात हसतात ते. तलाठ्यासमोर हसतात ते. लहानपणापासून मी ते बघत आलेय. ते म्हणजे आबांचा स्वभाव, असंच मला वाटायचं. त्या क्षणी कळलं, हा स्वभाव नाही. मार चुकवायची ती रीत आहे. पिढ्यान्‌पिढ्या पाठ केलेली. आणि दोन महिन्यांपूर्वी गप्प राहून मीही तीच चालवली होती. फक्त माझ्या हातात माहितीपत्रक होतं, एवढाच फरक.

मी म्हणाले, "परत बोला."

"काय?"

"आत्ता जे बोललात ते परत बोला. मी फोनवर रेकॉर्डिंग चालू केलंय."

तो काउंटरमागं सरकला. मी आबांचा दंड धरला आणि त्यांना सोफ्यावर बसवलं. मायला त्यांच्या शेजारी बसवलं. मग म्हणाले, "आमची गाडी दुसऱ्याला दिली, हे लिहून द्या. ही गाडी ठोकलेली आहे, हेही लिहून द्या. सही करा. तोवर आम्ही हितंच बसतो."

मॅनेजरनं कुणाला तरी फोन लावला. थोडं बोलला आणि फोन आबांच्या हातात दिला. आबांनी तो दोन्ही हातांनी कानाला लावला आणि उठून उभे राहिले. फोनवर मालक होते.

"हो मालक. न्हाई मालक. हो."

फोन परत देऊन आबा मला म्हणाले, "बाय, मालक म्हणतेत, हाय ती घ्या. कावून भांडायलीस म्हणतेत. दिवाळीनंतर मेंढरं कुठं बसवणार, इचारायलेत."

एका गाडीपायी वर्षाचं रान जाणार होतं, हे त्यांना कळत होतं. मलाही कळत होतं. रान त्यांचं, मेंढरं त्यांची. माझ्या पगाराच्या जोरावर मी त्यांना शूर व्हा म्हणून सांगू शकत नव्हते.

मायनं काठी टेकली आणि उठली.

"मला चालवत न्या," ती म्हणाली. "ह्या गाडीत मी बसत न्हाई."

आबांनी तिच्याकडं पाहिलं. मग मॅनेजरकडं पाहिलं. त्यांच्या तोंडावर ते हसू नव्हतं. "न्हाई पाहिजे आमाला," ते म्हणाले. "मालकाला सांगा, दुसरीकडं रान बघतो."

मॅनेजरनं लिहून काही दिलं नाही. मी तिथंच बसून कागदावर सगळं लिहिलं, बुकिंग रद्द केलं आणि माझ्या प्रतीवर त्यांचा शिक्का घेतला. शिक्का मारायला त्यांनी तास लावला. आम्ही तासभर बसलो.

परतताना रिक्षात मी मायला म्हणाले, "तुला एक सांगायचं राहिलं. बुकिंगच्या दिवशी आबांना त्यांनी—"

"ठाव हाय," माय म्हणाली. "ह्यांनी त्याच दिशी सांगितलं. तू काही बोलली न्हाईस, हेबी सांगितलं."

आबा बाहेर बघत होते. मला रडू आलं नाही. तोंड लपवायला जागा नव्हती, एवढंच आठवतं.

त्या वर्षी मालकांचं रान आम्हाला बंद झालं. त्यांच्याकडं बघून गावातल्या आणखी काहींनी बंद केलं. आबा मेंढरं घेऊन लांब गोदावरीकडं गेले. दोन कोकरं वाटेत दगावली. गावात लोक म्हणाले, पोरीच्या शिकण्यानं बापाचं रान घालवलं. म्हणू द्या. खोटं नाही ते.

गाडी आम्ही नंतर अंबाजोगाईच्या एका निवृत्त मास्तरांकडून घेतली. वापरलेली. युसूफभाई खाली झोपून तपासून आले, मग घेतली. मास्तरांनी गाडी कुठं घासली होती तेही स्वतःहून दाखवलं. चांगली चालते. माय दवाखान्यात बसून जाते, पडून नाही. पण गाडी मिळाली म्हणून हे मिटलेलं नाही.

मी ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. शोरूमचा माणूस वस्तीवर येऊन गेला. नवी गाडी देतो म्हणाला, सीट कव्हर फुकट देतो म्हणाला, तक्रार मागं घ्या म्हणाला. मी म्हणाले, "तुमचा मॅनेजर जे बोलला, ते तुमच्या कागदावर लिहून आणा. खाली माफी लिहा. मग बोलू." तो चहा न पिता गेला.

तारखा पडतात. वकील म्हणतात, वेळ लागेल, हरूही शकता. हरले तर वर जाईन. तिथंही हरले तर तो शिक्क्याचा कागद घेऊन आमच्या प्रत्येक वाड्यावस्तीवर जाईन, वाचून दाखवीन. ऐकून न ऐकल्यासारखं करणं मी बंद केलं आहे, घरातही आणि बाहेरही.

पुढच्या तारखेला शोरूमच्या बाजूनं बोलायला स्वतः मालक येणार आहेत, असं गावात चाललंय. आबांनी विचारलं, "मी येऊ का संग?" मी हो म्हणाले. आम्हा दोघांची तयारी आहे.

येऊ द्या मालकांना. मला त्यांच्यासमोरच बोलायचं आहे.