बोअरच्या पाण्यानं केलेला घात

बाबाजानभाई घोडेगावचा. नगरच्या कॉलेजात केमिस्ट्रीच्या लॅबमधी तीस वर्सं त्यानं काचेची भांडी धुतली. बीकरला डाग दिसला तर प्रोफेसरालाबी सुनवायचा. मी वैजनाथ, त्याच लॅबचा शिपाई. आमचं रोज वाजायचं, पन जेवायला एकत्रच बसायचो.

देवळालीची अश्विनी तिथं पीएचडी करत हुती. गच्चीवरच्या सोलरची वीज, क्षाराचं पानी, त्यात निकेलची जाळी. पानी फोडून हायड्रोजन काढायचा. निकेल सोता संपत न्हाई, पन पानी सोपं फुटतं त्याच्यामुळं, असं ती आमाला समजावून सांगायची.

एप्रिलात शुद्ध पान्याच्या यंत्राची कॉइल जळाली आन दुरुस्तीचा अर्ज हापिसात पडून राहिला. पोरीचं काम अडू नये म्हनून आमी दोघांनी बोअरचं लालसर पानी फडक्यातून गाळून तिच्या कॅनमधी भरलं. सांगितलं कुनालाच न्हाई. "पानी ते पानी," भाई म्हनला. मीबी मान हलवली. लई शहाने आमी. त्या आठवड्यात जाळीवर असे बुडबुडे सुटले का तिचे गाईड, आमच्या डिपार्टमेंटचे हेड सर, सोता बघाया आले. तिचा शोधनिबंध छापायला गेला.

मग यंत्र दुरुस्त झालं आन बुडबुडे मंदावले. आठ महिने पोरगी तोच प्रयोग करत राहिली, पन पयले आकडे परत आलेच न्हाईत. शेवटी सर सगळ्यांदेखत म्हनले, "आकडे तू बनवून लिहिलेत." भाई तिथंच भांडी धूत हुता. एकच बीकर परत परत घासत राहिला. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर त्यानं तिला जिन्यात गाठून खरं सांगितलं. तिनं वही काढून एप्रिलची पानं उलटली.

"म्हणजे बोअरमधलं लोखंड, चाचा. ते निकेलमध्ये शिरलं की काम कितीतरी वाढतं. आठ महिने मी स्वतःलाच खोटारडी समजत होते." मग म्हनली, "एवढं लिहून द्याल?"

पुढल्या महिन्यात भाई रिटायर व्हनार हुता आन पेन्शनच्या कागदावर सरांची सही लागनार हुती. तो रडला, पन लिहून दिलं न्हाई. तिनं माझ्याकडं बघितलं. माझी नऊ वर्सं नोकरी बाकी हाय. मीबी न्हाई म्हनलो.

तिचं पीएचडीचं नाव कापलं. भाईच्या निरोपाला सरांनी हार घातला, म्हनले, "असा प्रामाणिक माणूस पुन्हा मिळायचा नाही." टाळ्या पयल्यांदा मीच वाजवल्या.